खालच्या आळीतला एसी

छबुबाईने घरात एसी बसवायचं काढलं तेव्हा हिवरदऱ्यात प्यायचं पाणी टँकरने येत होतं. त्यामुळे गावाने तिला वेड्यात काढलं यात गावाचं काही चुकलं असं मला तरी वाटलं नाही. मी सटवा, आष्टीचा वायरमन. आसपासच्या गावांतली लग्नं, पिठाच्या गिरण्या आणि पुढाऱ्यांच्या सभा माझ्या वायरीवर चालतात. माझी जीभ जरा तिखट आहे असं गिऱ्हाईक तोंडावर सांगतं आणि पुन्हा मलाच बोलावतं, कारण मी जोडलेली वायर जळत नाही.

फोनवर ती म्हणाली, "सटवा, एसी लावायचाय. ये."

"कुणाच्या घरी, मावशी?"

"माझ्या. दुसऱ्याच्या घरी लावायला मी कावून फोन करू?"

मी हसलो. पलीकडून हसू आलं नाही, तेव्हा मी पिशवीत टेस्टर आणि पक्कड टाकली आणि मोटारसायकलला लाथ मारली. दोन हजार एकोणीसचा तो उन्हाळा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं नांगरून उघडी पडली होती आणि गावाबाहेर दूध संस्थेने उघडलेल्या चारा छावणीत माणसांपेक्षा जनावरं जास्त दिसत होती.

छबुबाईचं घर खालच्या आळीत. ही आळी सगळी ऊसतोड्यांची. दिवाळी झाली की घरोघर कुलपं लागतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला ती उघडतात. मधले दिवस ही माणसं कारखान्याच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढतात. छबुबाई लग्नाच्या पहिल्याच वर्षी हातात कोयता घेऊन फडात उतरली, ती केस पिकेपर्यंत. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एका साली तिच्या नवऱ्याचा, आसारामचा, हात मोडला तेव्हा मुकादम म्हणाला होता, अर्ध्या कोयत्यावर गाडी भरत नाही, घरी जा. त्यावर छबुबाई म्हणाली, "कोयता माझ्या हातात हाय, ह्यांच्या न्हाई. गाडी भरली न्हाई तर मग बोला." तो अख्खा हंगाम ती एकटी तोडत राहिली आणि आसाराम एका हाताने उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करत राहिला. मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढायची तीही तीच. मुकादमाने पुढच्या साली तिला बोलावताना "बाई तोंडाळ हाय, पर कामाला वाघीण" असं सांगितलं म्हणे. हे सांगताना ती फक्त पहिला अर्धा भाग सांगते.

दूध संस्थेची सभासद होतानाही तिने असाच घोळ घातला. चेअरमन मोहनराव म्हणाले, आसारामच्या नावावर करू. ती म्हणाली, धार कोण काढतं? तेव्हापासून संस्थेच्या कार्डावर तिचंच नाव आहे. दोन गाई, त्याही त्या उन्हाळ्यात छावणीत.

मी पोहोचलो तेव्हा आसाराम खाटेवर होता. फाल्गुनात, हंगाम संपता संपता, डोक्यावर मोळी असताना तो उन्हात कोसळला. लोकांनी त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. वाचला, पण डॉक्टरांनी छबुबाईला बाजूला घेऊन सांगितलं की याच्या अंगाला आता ऊन सोसणार नाही, घाम येणं जवळजवळ थांबलंय, पुन्हा असा ताप चढला तर हा हाती लागणार नाही. उन्हाळाभर याला गारव्यात ठेवा, म्हणाले. डॉक्टरांना हिवरदऱ्याचा उन्हाळा ठाऊक नसावा. दगडाच्या भिंती, वर पत्रा, आणि दुपारी पत्र्याखाली भाकरी टाकली तर फुगेल अशी धग.

"कूलर घ्या की, मावशी," मी म्हणालो. "एसी हे लई जडशीळ काम हाय."

"घेतलाय. त्यो बघ कोपऱ्यात." कोपऱ्यात कूलर कोरडाठाक उभा होता. "एका दिसात घरचं सगळं पाणी पितो. टँकर दोन दिसाआड. कूलरला पाजू का माणसाला? एसीला पाणी लागत न्हाई, करंट लागतो. गावात पाणी न्हाई, करंट तरी हाय."

 पुण्याला असलेला तिचा मुलगा भारत जुन्या ऑफिसांतले एसी उतरवायच्या कामावर आहे. त्याने मालकाला विचारून असाच एक उतरवलेला, खिडकीत बसणारा एसी टेम्पोत घालून आणून दिला होता आणि कामावर परत गेला होता. तो एसी दाराआड गोणपाटाखाली झाकून ठेवला होता, जणू कुणी मागून नेईल.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," मी तरी म्हणालोच.

"अंथरूण बी माझं अन् पाय बी माझे. तू वायर बघ."

वायर बघितली. लाकडी पट्टीतली जुनी, बारीक, उन्हाने तडकलेली. खोलीत एकच बोर्ड, त्याच्यावर बल्ब, पंखा आणि मोबाईलचा चार्जर. या वायरीवर एसी लावला तर खोली गार होण्याआधी भिंत पेटली असती. मीटरपासून नवीन जाड वायर, एसीला वेगळा पॉइंट, त्याला वेगळा ट्रिपणारा स्विच, असं सगळं लागेल, असं मी सांगितलं. तिने नुसती मान डोलावली. मीटरवरचा भार वाढवून घ्यायचा अर्जही तिने माझ्याकडून तिथेच लिहून घेतला आणि खाली अंगठा नाही, सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती म्हणे.

पण या आळीची खरी गोम घरात नव्हती, अंगणात होती. करंट एका तारेने घरात येतो आणि दुसऱ्या तारेने परत जातो, एवढं तर शाळेतलं पोरही सांगतं. खालच्या आळीतली ती परत जाणारी तार कधीतरी वादळात तुटली. आळी तेव्हा उसाला गेली होती, तक्रार करणार कोण? पाडव्याला माणसं परत आली, घरात उजेड नाही, तेव्हा कुणीतरी अंगणात लोखंडी पहार ठोकली आणि दुसरी वायर त्या पहारीला बांधून टाकली. बल्ब लागला. मिणमिणता का होईना, लागला. मग घरोघर पहारी ठोकल्या गेल्या. पुढे पुढे तर नवं घर बांधताना गवंडी आधी पहारीची जागा विचारू लागला.

आता जमीन म्हणजे काही तार नव्हे. ओली असली तर थोडाफार करंट घेते, वाळली की हात आखडते. म्हणून खालच्या आळीत रोज संध्याकाळी बायका पहारीच्या बुडाशी पाणी ओतायच्या. पाणी ओतलं की पंखा जरा वेग धरायचा. "पहारीला पाणी पाजलं का?" हा त्या आळीत "जेवलात का?" इतकाच साधा प्रश्न होता. दुष्काळात भांडी घासलेलं, पोरं न्हाऊ घातलेलं पाणी पहारीला जायचं, आणि फारच उकडलं तर चांगलं पाणीही जायचं. मी वर्षानुवर्षं बोंबलत होतो की हे जीवघेणं आहे. कौशल्याबाईची शेळी ओल्या पहारीला तोंड लावायला गेली आणि तिथेच ताठ झाली. त्यानंतर लोकांनी काय केलं? पहारीभोवती बाभळीच्या काट्या लावल्या आणि पाणी पाजणं चालू ठेवलं.

मी जाड वायर ओढली, भिंत फोडून एसी बसवला, पत्र्याखाली थर्माकोल ठोकला, आणि तो चालणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही एकदा चालू करून बघितला. एसीने "हूं" केलं आणि गप्प झाला. बल्ब लाल होऊन विझायला आला.

मी बंद करायच्या आत छबुबाई हंडा घेऊन अंगणात गेलेली. पहारीवर अर्धा हंडा रिकामा केला. एसीने जरा लांब "हूं" केलं. ती उरलेलं पाणीही ओतायला निघाली तेव्हा मी धावत जाऊन हंडा धरला.

"मावशी, अख्खा टँकर पाजला तरी ही जमीन एवढा करंट न्हाई घ्यायची. खांबावरची तार पायजे."

ती हंडा धरून उभी राहिली. ओल्या मातीकडे बघत होती, ती माती बघता बघता वाळत होती.

"म्हंजी इतकी वर्सं मी ह्या लोखंडाला पाणी पाजलं," ती म्हणाली, "ते खांबावर एक तार न्हाई म्हून?"

"व्हय."

"अन् वरच्या आळीत?"

"तिथं तार हाय."

तिचा चेहरा मला अजून आठवतो. मला त्या दिवशी तिचा राग आला नाही, स्वतःचा आला, कारण मी इतकी वर्षं नुसता बोंबललो होतो आणि ती ऐकल्याबरोबर कामाला लागली. "मेन बंद कर," ती म्हणाली. मी मेन बंद केला. तिने काट्या बाजूला सारल्या, दोन्ही हातांनी पहार हलवली, उपटली आणि रस्त्यावर फेकली.

"आता ह्या घरात पहारीवरचा उजेड न्हाई," ती म्हणाली. "येईल तर खांबावरचा."

हे बोलायला सोपं होतं. मंद फिरणारा का होईना, आसारामच्या डोक्यावर एक पंखा होता, तोही आता बंद पडला.

आम्ही दोघं लाईनमन म्हाळूकडे गेलो. म्हाळू गावचाच, वीज कंपनीत कंत्राटी. बिचाऱ्याने आम्हाला चहा पाजला आणि मान खाली घातली. "तार हाय माझ्याकडं, काकू. खांबावर चढायला पाय बी हायेत. मागल्या साली बी मी गेलतो चेअरमनकडं. ते न्हाई म्हणत्यात. डीपी जळली तर माझ्या गळ्यात येईल."

मग मोहनराव. माणूस वाईट नाही हे आधी सांगतो. गावात दूध संस्था त्यांनी उभी केली, दूध थंड ठेवायची मोठी टाकी त्यांनी आणली, आणि त्या साली छावणी त्यांच्याच धावपळीने मिळाली. मागच्या उन्हाळ्यात गावची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती आणि नवी येईपर्यंत सगळ्या गावाचं दूध नाल्यात ओतावं लागलं होतं. पावसाने पाठ फिरवल्यावर गावाच्या हातात दूधच तेवढं उरलं होतं. मोहनरावांची भीती खोटी नव्हती.

संध्याकाळची वेळ, दूध घालायला सभासद रांगेत उभे. छबुबाईने सगळ्यांसमोर विषय काढला.

"छबुबाई, असं बघा," मोहनराव समजुतीने म्हणाले, "डीपी ल्हान हाय. तुमच्या आळीचे पंखे हळू फिरत्यात म्हून तर ती टिकलीय. उद्या तार जोडली अन् सगळी आळी पुरा करंट ओढाया लागली, तर डीपी उडंल. दूध कुठं ओतू मी?"

ते हे अगदी सहज बोलले. रांगेतल्या माणसांनी ऐकलं आणि कॅन खाली ठेवले.

"म्हंजी आमी उकडून निघतो म्हून तुमची टाकी गार ऱ्हाती," छबुबाई म्हणाली.

"माझी न्हाई, आपली. तुमचं बी दूध हाय तिच्यात."

"हाय ना. दूध नासंल म्हून त्याला मशीन आणली. चांगलं केलं. माझा माणूस नासाय लागलाय, त्याला काय आणता?"

संस्थेचा सचिव पंडित मध्ये पडला. "काकू, दुधावर समदं गाव जगतं."

"अन् आमचे हे गावात न्हाईत?"

 मोहनरावांच्या कपाळावर आठी आली. लोकांसमोर असं कुणी बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुमच्या गाई छावणीत हायेत," ते म्हणाले. "जरा इचार करून बोलावं माणसानं."

"छावणीतला चारा सरकारचा हाय, चेअरमन. तुमी वाढपी. पंगतीतून उठवायचं असंल तर उठवा, मी वाटंवर बसून गाईंना झाडपाला चारीन. पर ह्यांना मी उन्हात मरू देणार न्हाई."

कुणी तिच्या बाजूने बोललं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. तिने आपला कॅन मापावर ठेवला, दूध मोजून घेतलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायला लागलं आणि आसारामचं अंग तापायला लागलं. तो बरळत होता. छबुबाईने शेजारच्या केशरबाईला, कौशल्याबाईला आणि आणखी एकीला हाक मारली. चौघींनी आसारामची खाट खांद्यावर घेतली आणि गावातून निघाल्या. मी मागे. खांद्यावर खाट बघून पारावरच्या दोघातिघांनी टोप्या काढल्या. त्या गलबल्याने आसाराम जरा भानावर आला, त्याने खाटेवरून हात वर करून राम राम घातला, तेव्हा त्यांनी टोप्या परत डोक्यावर ठेवल्या.

संस्थेत दुधाचं फॅट तपासायची एक छोटी खोली आहे. तिथलं मशीन आणि कॉम्प्युटर गरम होऊन बंद पडतात म्हणून त्या खोलीला एसी आहे. छबुबाईने खाट सरळ तिथे नेऊन टेकवली. पंडित धावत आला.

"काकू, ही खोली मशीनची हाय."

"असू दे की. मशीनला गार लागतं, ह्यांना बी लागतं. खोलीत दोघं मावत्यात."

"पर असं चालत न्हाई, काकू."

"सभासद हाय मी. ही संस्था जेवढी चेअरमनची, तेवढी माझी. उठव मला इथून, बघू."

पंडितने उठवलं नाही. कोण उठवणार? मोहनराव आले, दारात उभे राहून बघून गेले. दुपारपर्यंत आसारामचा ताप उतरला आणि त्याने पाणी मागितलं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ सगळं गाव दूध घेऊन येई आणि फॅट कळायला खोलीत डोकावलं की आधी आसाराम दिसे. गारव्याने त्याच्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव आल्यावर मूळचा आसाराम परत आला. तो उशीवर टेकून मशीनचा आकडा वाचायचा आणि गंभीरपणे म्हणायचा, "औंदा दूध चांगलं हाय गावाचं. पाणी घालायलाच पाणी न्हाई ना." लोक हसायचे. हसून झालं की त्यांना आठवायचं, चार दिवसांपूर्वी याच माणसाला चौघींनी उचलून आणलं होतं. वरच्या आळीतलीही माणसं मग खोलीतून मान खाली घालून बाहेर पडायची. दारात जमिनीवर छबुबाई बसलेली. जो बघेल त्याच्याकडे ती बघायची. मी तर म्हणतो, तिने त्या दिवसांत गावापुढे भाषण केलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

शेवटी मोहनराव खाटेच्या काठावर येऊन बसले. आसाराम त्यांना म्हणाला, "चेअरमन, मला घरी जाऊ द्या. इथं मशीनपुढं उगंच लाजल्यागत होतं."

मोहनराव उठले. मग बाहेर येऊन सभासदांसमोर म्हणाले, "काय रे म्हाळू, ओढ ती तार." आणि छबुबाईकडे वळून, "पर एक सांगतो. डीपीमुळं एकदा जरी दूध नासलं, तर तुमची तार मी सोता तोडायला लावीन. मंजूर?"

"मंजूर," छबुबाई म्हणाली. "न्हाई नासलं तर परत नाव काढायचं न्हाई."

म्हाळूने तार ओढली. मी घरोघर फिरून पहारी काढल्या आणि शिव्या देत देत वायरी नीट बांधल्या. संध्याकाळी करंट सोडला तेव्हा खालच्या आळीतले पंखे असे फिरले की पात्यांवरची इतक्या वर्षांची धूळ लोकांच्या ताटात पडली. कौशल्याबाई घाबरून बाहेर पळाली. तिला वाटलं पंखा निखळून येतोय.

छबुबाईच्या अंगणात मी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून खरं अर्थिंग केलं. वर पाणी ओतायचा पाईप बघून ती संशयाने म्हणाली, "परत पाणी?"

"हे पंखा पळवायला न्हाई, मावशी. एसीच्या पत्र्यात करंट उतरला तर तो तुमच्या अंगातून जाण्याआधी जमिनीत जावा म्हून हाय. अन् ह्याला हंडा नको, एसी सोताच थोडं पाणी गाळतो, ते इकडं लावतो."

हे तिला पटलं. आसाराम घरी आला, आणि एसी पहिल्याच झटक्यात चालू झाला. खोली गार व्हायला वेळ लागला, पण झाली. छबुबाई दाराला बाहेरून कडी लावल्यासारखी उंबऱ्यात बसली, कुणी सारखं दार उघडून गारवा बाहेर घालवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायचं ते झालं. मी अर्थिंगच्या खड्ड्यावर झाकण बसवत होतो. लांबून डीपीचा गुणगुणाट ऐकू येत होता, आणि तेवढ्यात पंडित अनवाणी पळत आला.

"काकू, एसी बंद करा. व्होल्टेज पडलं. टाकीची मोटार बंद झाली, दूध गरम व्हायलंय."

त्याच्या मागे मोहनराव.  त्यांना बोलायची गरज नव्हती, शब्द आधीच ठरलेला होता. दार किलकिलं होतं. आत आसाराम झोपला होता, शांत, तोंड उघडं टाकून. एसी बंद केला तर तासाभरात ती खोली पुन्हा भट्टी होणार होती, आणि चालू ठेवला तर गावाचं दूध जाणार होतं आणि मग तारही जाणार होती.

"एकट्या एसीनं डीपी बसती का रे, सटवा?" तिने मला विचारलं.

"न्हाई. एकट्यानं न्हाई. खालच्या आळीला इतक्या वर्सांनी पुरा करंट मिळालाय, समद्यांनी समदं लावून ठिवलंय. वरच्या आळीचे कूलर हायेत, अन् तारंवर टाकलेले चोरीचे आकडे."

ती उठली. पदर कमरेला खोचला. कोपऱ्यातला बांबू घेतला आणि दार ओढून घेतलं. "एसी बंद होणार न्हाई," मोहनरावांना म्हणाली. "टाकी चालू होईल. थांबा हितंच."

पहिलं घर केशरबाईचं. टीव्ही चालू, समोर कुणीच नाही. छबुबाईने प्लग ओढून काढला. "केशर, माझा माणूस मोठा का तुझी मालिका?" पुढच्या घरात इस्त्री, त्याच्या पुढे रिकाम्या हौदावर लावून ठेवलेली पाण्याची मोटार, जी नुसती हवा ओढत होती. ती कुणाला विचारत नव्हती, बंद करत होती. मग म्हाळूला सोबत घेऊन वरच्या आळीत शिरली. तारेवर जिथे आकडा दिसेल तिथे म्हाळूने पायात फडकं बांधून, हातमोजे घालून तो उतरवला. बांबू तिच्या हातात, कुणी अडवायला पुढे आलं तर समोर. आकड्याचे धनी दारात उभे राहून बघत होते, कारण आकडा माझा आहे असं भर दुपारी कोण म्हणणार?

शेवटचं घर मोहनरावांचं. छबुबाई पायरीशी आली. मोहनरावांची बायको सावित्रीबाई दारात आली, तिच्याकडे बघितलं, आणि छबुबाई पायरी चढण्याआधीच आत जाऊन दोन्ही कूलरची बटणं बंद करून आली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, जरा वारा हातानं घ्या." आणि स्वतः पंखा घेऊन वारा घालायला बसली.

डीपीचा आवाज खाली आला. पंडितने टाकीची मोटार चालू केली, ती फिरू लागली. मोहनरावांनी टाकीवरचा काटा बघितला, दूध बोटावर घेऊन चाखलं, आणि पंडितला म्हणाले, "रोज दुपारी ह्या वेळेला समद्यांनी आपापलं बंद ठिवायचं, असं सांग गावात." छबुबाईकडे त्यांनी बघितलं नाही. पण तारेचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि तिच्या गाईही छावणीतून कुणी हलवल्या नाहीत.

आम्ही घरी आलो. तिचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता, केस सुटले होते, पायाला फोड आला होता. तिने बांबू कोपऱ्यात ठेवला आणि दार उघडलं. गार वाऱ्याचा झोत माझ्या घोट्यांवर आला. आसाराम जागा झाला होता, खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. बाहेर काय झालं याचा त्याला पत्ता नव्हता.

"अगं, बंद कर ते," तो कुरकुरला. "थंडी वाजतीय."

वर पत्रा उन्हाने तडतडत होता.

"वाजू द्या," छबुबाई म्हणाली, आणि पेटीतली गोधडी काढून तिने त्याच्या अंगावर घातली.